संकेतस्थळाची सूची आणि नवखा कारभारी

शाळा, वाचनालयें, पतपेढ्या, देवस्थानें, गृहरचना संस्था, ग्रामपंचायती अशा लहानमोठ्या संस्थांना आज स्वतःचें संकेतस्थळ असतें. संस्थेचा पत्ता, वेळा, नियम, सूचना व हिशेब लोकांस घरबसल्या पाहावयास मिळावे, हा त्यामागील हेतु. अशा प्रत्येक संकेतस्थळाला दोन दरवाजे असतात. पुढचा दरवाजा सर्वांसाठीं उघडा असतो. मागच्या दरवाजाला परवलीच्या शब्दाचें कुलूप असतें. त्यांतून संस्थेचा कारभारी आंत जातो, नवी सूचना लावतो, जुनी काढतो, चुकलेला आंकडा दुरुस्त करतो. पुढच्या दरवाजाच्या सजावटीवर संस्था पैसा व वेळ खर्च करतात. मागच्या दरवाजाआड कारभाऱ्याला काय दिसतें, याची चौकशी मात्र क्वचितच होते. तेथें डाव्या हाताला कामांची एक सूची असते. तिला सर्वजण मेनू म्हणतात. ती सूची नवख्या माणसाला कशी समजेल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय वरवर पाहतां किरकोळ वाटतो. पण एक नेहमीं आढळणारी गोष्ट घ्यावी. एखाद्या वाचनालयाचें संकेतस्थळ एका हौशी तरुण सभासदानें उभें केलें आणि दोन वर्षें उत्तम चालविलें. मग तो नोकरीसाठीं परगांवीं गेला व तें काम साठीच्या पुढील चिटणिसांकडे आलें. जातांना तो म्हणाला, “काका, सगळें सोपें आहे. तुम्ही आंत गेलां कीं डाव्या बाजूला सर्व दिसेलच.” काका आंत गेले. डाव्या बाजूला सर्व दिसलें, हें खरें. पण त्यांतलें काय कशासाठीं आहे, तें दिसलें नाहीं. दोनदां प्रयत्न झाला. तिसऱ्या वेळीं, कांहीं मोडेल या भीतीनें हात आखडला. पुढें वाचनालयाच्या वेळा बदलल्या. संकेतस्थळावर त्या जुन्याच राहिल्या. त्या वाचून भर उन्हांत आलेला वाचक बंद दाराशीं उभा राहिला. यंत्र बिघडलें नव्हतें, आणि चिटणीसहि आळशी नव्हते. काम कोठें करावयाचें ती जागा सांपडली नाहीं, एवढेंच झालें होतें.

वाचनालयाच्या बाबतींत एका वाचकाला हेलपाटा पडतो. शासकीय कार्यालयें व ग्रामपंचायती यांच्या बाबतींत गोष्ट अधिक गंभीर होते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमानें सार्वजनिक प्राधिकरणांवर आपली माहिती, कोणी मागण्याची वाट न पाहतां, प्रसिद्ध करण्याचें बंधन घातलें आहे. कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांचीं कर्तव्यें, निर्णयाची पद्धति, अंदाजपत्रक, सवलतींचे लाभार्थी अशा सतरा बाबी त्यांत मोजल्या आहेत. ही माहिती दरवर्षीं अद्ययावत करावी, आणि इंटरनेटसह निरनिराळ्या साधनांनीं लोकांपुढें ठेवावी, असेंहि त्यांत म्हटलें आहे. कायद्यानें दिलेला हा अधिकार शेवटीं एखाद्या लिपिकाच्या हातून लोकांपर्यंत पोंचावयाचा असतो. त्या लिपिकाला सूचींतील योग्य सदर सांपडलें नाहीं, तर तीन वर्षांपूर्वींचें अंदाजपत्रक तसेंच पुढें झळकत राहतें.

आतां ती सूची प्रत्यक्ष कशी असते तें पाहूं. संकेतस्थळें चालविण्याच्या प्रणालींपैकीं वर्डप्रेस ही २००३ सालीं निघालेली प्रणाली आज जगांत सर्वांत अधिक प्रचारांत आहे. ती विनामूल्य मिळते, म्हणून लहान संस्था बहुधा तीच पत्करतात. तिच्या मागच्या दरवाजानें आंत गेलें कीं डॅशबोर्ड, पोस्ट्स, मीडिया, पेजेस, कॉमेंट्स, अपिअरन्स, प्लगिन्स, यूजर्स, टूल्स व सेटिंग्ज अशीं दहा मुख्य सदरें दिसतात. चिटणिसांच्या मनांत यांपैकीं एकहि शब्द नसतो. त्यांच्या मनांत चार कामें असतात: वेळा बदलणें, वार्षिक सभेची सूचना लावणें, पुढील पट्टींतील सदरांचा क्रम बदलणें आणि पहिल्या पानावर काय दिसावें तें ठरविणें. वेळा बदलण्यासाठीं ‘पेजेस’ मध्यें जावें लागतें, सभेची सूचना लावण्यासाठीं ‘पोस्ट्स’ मध्यें. पुढील पट्टीची व्यवस्था ‘अपिअरन्स’ खालीं असते. पहिल्या पानाचा निर्णय तर ‘सेटिंग्ज’ मधील ‘रीडिंग’ या पोटसदरांत दडलेला असतो. लिहावयास बसलेला मनुष्य ‘वाचन’ या नांवाच्या खोलींत आपण होऊन कशाला डोकावेल?

या घोंटाळ्याचें कारण करणाऱ्यांच्या अकलेंत नाहीं. प्रणाली रचणारा मनुष्य तिच्या आंतल्या कोठाराशीं परिचित असतो. तारखेप्रमाणें येणारें लिखाण एका कोठींत, कायमचीं पानें दुसऱ्या कोठींत, रूपाचे नियम तिसऱ्या कोठींत, अशी त्याच्या मनांत स्पष्ट विभागणी असते. तीच विभागणी तो सूचींत उतरवितो, आणि त्याच्या दृष्टीनें ती निर्दोषहि असते. बाहेरून आलेल्या माणसाजवळ मात्र त्या कोठाराचा नकाशा नसतो. त्याच्याजवळ असतें तें फक्त आपलें काम आणि त्या कामाचें रोजच्या बोलण्यांतलें नांव.

नाशिककरांस या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं दूर जावयास नको. गोदाकांठीं पंचवटींत आणि तिकडे त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. यात्रेकरू आयुष्यांत एखाद्या वेळीं येतो. वहीची मांडणी त्याला ठाऊक नसते. आपले पणजोबा कोणत्या सालीं येथें आले होते, हेंहि बहुधा ठाऊक नसतें. गुरुजी त्याला साल विचारीत बसत नाहींत. “यजमान, मूळ गांव कोणतें? आडनांव काय?” एवढेंच विचारतात. या दोन गोष्टी निरक्षर मनुष्यालाहि सांगतां येतात, आणि तेवढ्यावरून त्याच्या कुळाचें पान निघतें. जो ज्या दिवशीं आला त्याचें नांव त्या क्रमानें लिहून मोकळें होणें, हें लिहिणाराच्या सोयीचें झालें असतें. पण मग तीन पिढ्यांनंतर येणाऱ्याला त्या वह्या निरुपयोगी ठरल्या असत्या. येणारा मनुष्य जी खूण बरोबर घेऊन येतो, तिच्यावर मांडणी उभारली, म्हणून त्या आजहि चालतात.

ग्रंथालयांनींहि हाच मार्ग धरला आहे. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालीं स्थापन झालें. अशा जुन्या संस्थांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना ग्रंथालयांतील दोन प्रकारच्या नोंदी माहीत असतील. पुस्तक आलें कीं त्याला दाखल क्रमांक मिळतो व दाखल नोंदवहींत तें आलेल्या क्रमानें चढतें. ही वही कार्यालयासाठीं. वाचकासाठीं लेखक, ग्रंथनाम व विषय यांप्रमाणें निराळी तालिका असते. पुस्तक एकच, पण त्याकडे जाण्याच्या वाटा दोन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच सिद्धांत मांडले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वांचविण्यासंबंधींचा आहे. संकेतस्थळाची प्रणालीहि आंत आपला माल हवा तसा रचूं शकते. दारावरची पाटी त्याच रचनेची नक्कल असली पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं.

प्रणाली चालविणाऱ्यांना हें उमगत गेलें, याचें एक बोधप्रद उदाहरण २००८ सालचें आहे. त्या वर्षीं मार्च महिन्यांत निघालेल्या वर्डप्रेसच्या २.५ या आवृत्तींत मुख्य सूची पानाच्या माथ्यावर आडवी होती, आणि तिच्यांत ‘लिहिणें’ व ‘व्यवस्था पाहणें’ अशा अर्थाचीं दोन सदरें होतीं. नवी सूचना लिहावयाची तर पहिल्या सदरांत जावें लागे; काल लिहिलेल्या त्याच सूचनेंतील चूक सुधारावयाची तर दुसऱ्या सदरांत. शब्द सोपे होते, विभागणी तर्काला धरून होती, तरीहि लोक अडखळत. मग चाचणीसाठीं माणसें बोलावलीं, त्यांना कामें दिलीं आणि पडद्यावर त्यांची नजर कोठें फिरते तें यंत्रानें टिपलें. डिसेंबर २००८ मध्यें २.७ ही आवृत्ति निघाली, तेव्हां सूची डाव्या बाजूस उभी झाली व तीं दोन सदरें मोडण्यांत आलीं. त्याऐवजीं सूचना, पानें, चित्रें अशा वस्तूंचीं सदरें झालीं. एका वस्तूसंबंधीं लिहिणें, सुधारणें, काढणें हीं सर्व कामें एकाच सदराखालीं आलीं. आज दिसणारी सूची मुख्यतः त्याच वेळची. तिच्यांत दोष उरले आहेत. परंतु माणसाला काम करतांना पाहिल्यावांचून कोणता दोष कोठें आहे हें कळत नाहीं, ही गोष्ट त्या वर्षीं सिद्ध झाली.

सूची सुलभ करावयाची म्हणजे तिच्यांतील सदरें कमी करावयाचीं, असा एक समज आहे. त्याला आधार म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या निबंधांतील सात या आंकड्याचा हवाला दिला जातो. पण तो आंकडा एका वेळीं स्मरणांत किती गोष्टी राहतात यासंबंधींचा आहे. सूची तर डोळ्यांपुढें असते, ती पाठ करावयाची नसते. दहांचीं पांच सदरें करून प्रत्येकाच्या पोटांत आणखी दोन पायऱ्या घातल्या, तर नवख्याची वाट उलट लांबते, आणि प्रत्येक पायरीवर चुकण्याची नवी संधि मिळते. स्पष्ट नांवांचीं दहा सदरें संदिग्ध नांवांच्या पांच सदरांपेक्षां केव्हांहि बरीं.

खरी काटछांट निराळ्या ठिकाणीं करावयाची असते. जें काम ज्याचें नाहीं, तें त्याला दिसूं नये. वर्डप्रेसमध्यें प्रशासक, संपादक, लेखक, सहयोगी आणि सदस्य अशा पांच पायऱ्यांचे अधिकार देण्याची सोय आहे. संपादकाचा अधिकार असलेला मनुष्य सूचना व पानें लिहूं शकतो, बदलूं शकतो, काढूं शकतो. पण अपिअरन्स, प्लगिन्स व सेटिंग्ज हीं सदरें त्याच्या सूचींत येतच नाहींत. पुष्कळ संस्था चिटणीस, ग्रंथपाल व लिपिक या सर्वांना प्रशासकाचीच किल्ली देऊन टाकतात. मानाच्या दृष्टीनें तें बरें दिसतें. पण मग ज्याला फक्त सूचना लावावयाची आहे, त्याच्यापुढें सबंध यंत्रशाळा उघडी पडते. अधिकार योग्य तेवढाच दिला, तर एक अक्षरहि न बदलतां सूची आखूड होते, आणि भलतेंच बटण दाबलें जाण्याचें भयहि सरतें.

भयाचा हा मुद्दा उपेक्षणीय नाहीं. प्रौढ वयांत या कामाला हात घालणाऱ्याला बुद्धीची अडचण क्वचित् असते. त्याला चिंता असते ती संस्थेच्या वस्तूला आपल्या हातून धक्का लागेल याची. वस्तुतः वर्डप्रेसमध्यें २००८ पासून पानाच्या जुन्या प्रती आपोआप राखल्या जातात, आणि २००९ च्या अखेरीपासून काढून टाकलेलें पान लगेच नष्ट न होतां तीस दिवस कचरापेटींत राहतें. पण ही हमी नवख्याला सांगितली कोणीं? सूचीच्या शेजारीं ‘काढलेलें तीस दिवस परत आणतां येतें’ असें एक वाक्य असेल, तर त्याचा हात धीट होतो. जीं थोडीं कामें खरोखरच परत फिरवितां येत नाहींत, तीं वेगळीं व खालच्या बाजूस ठेवावीं.

शब्दांचा प्रश्न मराठींत विशेष बिकट आहे. इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर ‘पोस्ट’ म्हटल्यावर टपाल आठवतें. शब्दशः भाषांतर केलें तरी सुटका नाहीं. ‘मीडिया’ चें ‘माध्यमें’ केलें, तर चिटणिसांना वर्तमानपत्रें आठवतात, आणि सभेचें छायाचित्र तेथें ठेवावयाचें असेल ही कल्पनाहि मनांत येत नाहीं. अशा ठिकाणीं लोक जें बोलतात तेंच लिहावें. ‘सूचना व बातम्या’, ‘कायमचीं पानें’, ‘फोटो व फाइली’, ‘लोकांचे अभिप्राय’, ‘कामाचे अधिकार’ हीं नांवें शब्दकोशाच्या कसोटीला कदाचित् उतरणार नाहींत. पण चिटणिसांच्या मनांत जें काम असतें त्याच्याशीं तीं जुळतात. फोटो हा शब्द घरोघरीं रुजला आहे, तो केवळ परका म्हणून गाळण्यांत अर्थ नाहीं. कसोटी एवढीच कीं नांव ऐकून, आंत न जातां, तेथें काय असेल हें माणसाला सांगतां यावें.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, माणसाला शिकवावें; त्यासाठीं सूची कशाला बदलावी? शिकविणें अवश्य आहे. पण लहान संस्थेंत पदाधिकारी बदलतात, लिपिकांच्या बदल्या होतात, आणि शिकलेला मनुष्य आपलें शिक्षण बरोबर घेऊन जातो. सूची मात्र जागेवर राहते. एकदां ती नीट केली तर पुढच्या प्रत्येक कारभाऱ्याचे श्रम वांचतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या माणसांची बोटें जुन्या जागेला सरावलेलीं असतात. नवख्यासाठीं सर्व हलविलें तर तींच नवखीं होतात. जानेवारी २०२२ मध्यें वर्डप्रेसच्या ५.९ या आवृत्तीपासून नव्या पद्धतीच्या सजावटींत पुढील पट्टीची व्यवस्था जुन्या जागेवरून उठून नव्या संपादकांत गेली, तेव्हां वर्षानुवर्षें काम करणाऱ्यांनाहि शोधाशोध करावी लागली. म्हणून जागा वारंवार बदलूं नयेत. नांवें सुधारावीं, अनावश्यक सदरें ज्याच्या त्याच्यापासून लपवावीं, पण एकदां विचारपूर्वक ठरविलेला क्रम टिकवावा. बाजारांतील दुकानाची पाटी रंगविली तर गिऱ्हाईक आनंदानें येतें. दुकानच दर महिन्याला दुसऱ्या गल्लींत गेलें, तर तें येईनासें होतें.

क्रम व नांवें ठरविण्याची एक सोपी रीति आहे, आणि तिला यंत्र लागत नाहीं. संस्थेंत वर्षभर संकेतस्थळावर जीं जीं कामें करावीं लागतात, तीं एकेका कोऱ्या कार्डावर साध्या मराठींत लिहावीं. वीस-पंचवीस कार्डें होतील. मग ज्यांनीं तो मागचा दरवाजा कधींच उघडलेला नाहीं, अशा चार-पांच जणांना निरनिराळें बसवून, एकत्र शोभणारीं कार्डें एकत्र ठेवावयास व प्रत्येक ढिगाला नांव द्यावयास सांगावें. त्यांत ग्रंथपाल असावे, एखादी तरुण सभासद असावी, एखादे निवृत्त गृहस्थ असावे. बहुतेकांचे ढीग जेथें जुळतील, तें सदर पक्कें समजावें. एखादें कार्ड प्रत्येक वेळीं निराळ्या ढिगांत गेलें, तर तें काम दोन ठिकाणांहून करतां यावें अशी सोय करावी.

सूची तयार झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी. नवख्या माणसाला समोर बसवावें, “उद्यां वाचनालय बंद आहे, ही सूचना लावा,” एवढेंच सांगावें आणि मागें स्वस्थ बसावें. येथें तज्ज्ञाला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट म्हणजे गप्प बसणें. “अहो, तें नव्हे, त्याच्या खालचें,” असें तोंडून निघालें कीं परीक्षा संपली. तो माणूस कोठें थांबला, कोणतें सदर उघडून परत आला, कोणता शब्द पुटपुटला, हें लिहून घ्यावें. याकोब नील्सन या अभ्यासकानें २००० सालीं असें प्रतिपादिलें कीं अशा परीक्षेला पांच माणसें पुरतात, कारण पुढच्या माणसांकडून बहुधा त्याच त्याच अडचणी पुन्हां कळतात. पांच माणसें नाशिकच्या कोणत्याहि वाड्यांत किंवा इमारतींत एका संध्याकाळीं मिळूं शकतात.

एवढें करूनहि सूचीबाहेरचें एक काम उरतें. संस्थेच्या दप्तरांत एक पानभर टिपण असावें. कोणतें काम कोणत्या सदरांत होतें, किल्ली कोणाकोणाजवळ आहे, कोणतें सदर प्रशासकाखेरीज कोणी उघडूं नये, हें त्यांत साध्या शब्दांत लिहावें, आणि पदाधिकारी बदलतांना हिशेबाच्या वह्यांबरोबर तेंहि पुढच्याच्या हवालीं करावें. तें टिपण लिहितांना एखाद्या कामाचा मार्ग तीन ओळींतहि सांगतां आला नाहीं, तर सूचींत कोठें दुरुस्ती करावयाची तें त्याच जागीं समजेल. मग टिपण लांबविण्याऐवजीं आधीं सूची सुधारावी.